दात घासायला डिग्री कशाला?

मृगाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या आणि अर्धं वरवट बकाल पेरणीच्या घाईत होतं. त्या रविवारी दुपारी जोहरची नमाज आटोपून आम्ही वह्या तपासायला बसलो, तोच एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अम्मीला घेऊन दारात उभी राहिली. चौथीपर्यंत आमच्याच वर्गात होती. तेव्हा उर्दूच्या शुद्धलेखनात पहिली यायची आणि मराठीच्या तासाला गावाच्या नावावरून आमच्याशी वाद घालायची. मराठीत बकाल म्हणजे अवकळा आलेलं, मग आपल्या गावाला असं का म्हणतात, असा तिचा सवाल होता. उर्दूत बक्काल म्हणजे धान्य-किराणा विकणारा वाणी, असं सांगून आम्ही तिची समजूत काढली होती. आता ती बारावी विज्ञान झाली होती. नीटचा निकालही लागला होता. चेहऱ्यावरून कळत होतं की गुण वाईट नाहीत, पण हवे तितकेही नाहीत.

तिने मोबाईल पुढे केला. एका मोठ्या शहरातल्या संस्थेची जाहिरात होती. पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी, खाली ‘डेंटल हायजीनमध्ये पदवी, नीटची गरज नाही, शंभर टक्के नोकरी, परदेशात संधी’. शुक्रवारच्या आत पन्नास हजार रुपये भरले तर जागा पक्की.

‘‘आपा, भरू का?’’

तिची अम्मी काही बोलली नाही. ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. पन्नास हजार कुठून येणार, हे आम्हाला ठाऊक होतं. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी आहे, तिचा नंबर याच महिन्यात लागला होता. ते पैसे मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवायचे ठरले होते. अब्बूंचं बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान. पावसाळ्यात चिखलामुळे काम वाढतं, एवढीच त्यांची बरकत.

सोबत मुलीचे मामूही आले होते. गालात खर्रा धरून ओट्यावर बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘दांत मांजने की भी डिग्री होती क्या? हमारे यहाँ तो नीम की काडी मुफ्त में मिलती.’’

हसू आम्हालाही आलं. पण खरं सांगायचं तर तोच सवाल आमच्याही मनात होता. मुलीला आम्ही दोन दिवस थांबायला सांगितलं. शुक्रवार यायला अजून अवकाश होता.

थांबायला का सांगितलं, त्याला आमच्याच घरातलं एक जुनं कारण आहे. आमच्या धाकट्या भावाने एका अशाच कॉलेजात शिक्षकाचा कोर्स केला होता. इमारत होती, फलक होता, साहेब लोक टाय बांधून बसायचे. दोन वर्षांनी प्रमाणपत्र हातात आलं आणि नोकरीसाठी अर्ज केल्यावर समजलं की त्या कोर्सला मान्यताच नव्हती. अब्बांनी त्यासाठी बैलजोडी विकली होती. भाऊ आज दुकानात हिशेब लिहितो, बरं चाललंय त्याचं, अलहम्दुलिल्लाह. पण ते प्रमाणपत्र अजून ट्रंकेत आहे आणि अम्मी कधी ट्रंक उघडते तेव्हा ते उलटं करून ठेवते. तेव्हापासून कुणीही आमच्याकडे कोर्सची जाहिरात घेऊन आलं की आम्ही इमारत पाहत नाही, मान्यतेचा कागद मागतो.

तर हे ‘डेंटल हायजीन’ काय आहे?

आपल्या देशात दातांच्या धंद्याचा कायदा १९४८ सालचा आहे. त्या कायद्यात तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत. एक दंतवैद्य, म्हणजे आपण डेंटिस्ट म्हणतो तो. दुसरा डेंटल मेकॅनिक, जो कवळ्या आणि दातांची साधनं बनवतो, दुरुस्त करतो. आणि तिसरा डेंटल हायजिनिस्ट. त्याचं काम कायद्यातच लिहून ठेवलं आहे: दातांवरचं कीटण काढणं, दात साफ आणि गुळगुळीत करणं, आणि तोंड स्वच्छ कसं ठेवायचं ते लोकांना शिकवणं. म्हणजे मामूंच्या सवालाचा जवाब कायद्याने पाऊणशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. दात घासायला शिकवणं हे एक शिक्षण आहे, आणि ते करणाऱ्याचं नाव राज्याच्या नोंदवहीत असावं लागतं.

पण त्याच कायद्यामुळे जाहिरातीचा रंगही थोडा उतरतो. दंत परिषदेने ठरवलेला हायजिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो डिप्लोमा आहे. बारावी विज्ञान झालेल्याला तो करता येतो. दंत परिषद ज्या संस्थांना मान्यता देते, तिथला डिप्लोमा असला तरच राज्य दंत परिषदेकडे नाव नोंदवता येतं. एखाद्या विद्यापीठाने ‘पदवी’ नावाचा कागद दिला, तो विद्यापीठ म्हणून खराही असला, तरी नोंदवहीत नाव लागणार नसेल तर दवाखान्यात त्या मुलीच्या हातात अवजार कुठल्या हक्काने येणार? २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला, त्यात जुन्या परिषदेच्या जागी हा आयोग आणण्याची तरतूद आहे. पाटी बदलली तरी विचारायचा सवाल तोच राहतो.

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही त्या संस्थेला फोन लावला. मुलगी शेजारी उभी होती. आम्ही विचारलं, ‘‘तुमच्या कोर्सला दंत परिषदेची मान्यता आहे का?’’ पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की संस्था आय.एस.ओ. आहे. आम्ही पुन्हा तेच विचारलं. त्या म्हणाल्या, विद्यापीठ यूजीसीचं आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘‘मॅडम, जागा भरत आल्या आहेत, तुम्ही आधी बुकिंग करा, कागद नंतर मेल करू.’’ आम्ही सलाम करून फोन ठेवला. कागद अजून आलेला नाही.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मात्र आम्हाला वाईट वाटलं, कारण एक दार आम्ही बंद केलं होतं आणि दुसरं कुठलं ते अजून सांगितलं नव्हतं. म्हणून विचारलं, ‘‘बेटा, तुला दातांचंच का शिकायचंय? नर्सिंग आहे, फार्मसी आहे.’’

तिने सांगितलं ते ऐकून आम्ही जरा गप्प झालो. तिचा लहान भाऊ आमच्याच शाळेत आहे. गेल्या वर्षी त्याची दाढ ठणकायला लागली. घरच्यांना वाटलं दुधाची दाढ आहे, पडेल. महिनाभर लवंग लावली. शेवटी गाल सुजला तेव्हा शेगावला नेलं. डॉक्टरांनी दाढ काढली आणि मग सांगितलं की ही दुधाची नव्हती, कायमची होती. पुन्हा येणार नाही.

ही गोष्ट आपल्या घराघरांत घडते, म्हणून जरा थांबून सांगतो. दुधाचे दात २०, कायमचे ३२. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती कुठल्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. काही पडत नाही, म्हणून काही आलं हेही घरात कुणाच्या लक्षात येत नाही. त्या वयाचं मूल ब्रश मागपर्यंत नेत नाही. दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा, गुळाचा चिकट लगदा बसतो आणि कीड लागते. आईला वाटतं, दुधाचीच आहे. या खाचा एका पातळ लेपाने भरून टाकता येतात. पहिली दाढ नीट उगवली की हा लेप लावतात. हायजिनिस्टच्या अभ्यासात हे सगळं असतं: दातांची रचना, हिरड्यांचे रोग, जंतुशास्त्र, आहार, क्ष-किरण, अवजारं निर्जंतुक करणं, आणि शाळेत-वस्तीत जाऊन लोकांना समजावणं.

आम्ही वीस वर्षं मुलांना शिकवतोय. बाराखडी, पाढे, अलिफ-बे, सगळं. पण सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात एक कायमची दाढ येते, हे आम्ही एकाही पालकसभेत सांगितलेलं नाही. आम्हालाच ठाऊक नव्हतं. आमच्या स्वतःच्या खालच्या जबड्यात डावीकडे तीच दाढ नाही, आणि ती कधी गेली तेही आठवत नाही.

शाळा आणि दात यांचा संबंध आम्ही आज जोडतोय असं नाही. हा हायजिनिस्टचा पेशा जन्मालाच आला शाळेच्या आधाराने. अमेरिकेत ब्रिजपोर्ट नावाच्या गावी आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. १९०६ साली त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या मदतनीस आयरीन न्यूमन या बाईंना लोकांचे दात साफ करायला शिकवलं. मग १९१३ साली त्यांनी अशा बायकांसाठी वर्गच काढला. त्यात शिकायला आलेल्यांत परिचारिका होत्या आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईही होत्या. शिकून तयार झालेल्या बायका गावातल्या शाळांमध्ये गेल्या, मुलांचे दात साफ करू लागल्या, त्यांना ब्रश धरायला शिकवू लागल्या. तिथून जवळच बॉस्टनमध्ये मुलांच्या दातांचं फोर्सिथ नावाचं मोठं रुग्णालय होतं. तिथे १९१६ साली हायजिनिस्टांची शाळा सुरू झाली.

आणि त्याच सुमाराला त्याच फोर्सिथमध्ये एक हिंदुस्थानी मुसलमान तरुण काम करत होता.

डॉ. रफीउद्दीन अहमद. पूर्व बंगालातला जन्म, १८९० सालचा. अलीगढला शिकले, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली, काही वर्षं फोर्सिथमध्ये मुलांचे दात पाहिले आणि परत आले. १९२० साली त्यांनी कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. खर्च भागवायला त्यांनी सोडा-फाउंटनचं दुकान चालवलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. लोकांना दात दाखवायची सवय नव्हती, दात दुखला की उपटून मोकळं व्हायचं, आणि हा माणूस सरबतं विकून दातांचं कॉलेज चालवत होता! १९४९ साली त्यांनी ते कॉलेज सरकारच्या हवाली केलं. ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचा जन्मदिवस २४ डिसेंबर आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. आमच्या शाळेतल्या दिनविशेषाच्या फळ्यावर तो आजवर कधी आला नव्हता. यंदा लिहू, इन्शाअल्लाह.

त्यांच्याच कॉलेजात शिकून एक मुस्लिम बाई दंतवैद्य झाल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. त्या म्हणजे फातिमा जिन्ना. त्यांचं पुढचं राजकारण वेगळा विषय आहे, त्याच्याशी आज आपल्याला काम नाही. पण शंभर वर्षांपूर्वी घरातली मुलगी मुंबईहून कोलकात्याला दात शिकायला जाऊ शकली, एवढी गोष्ट मुलीच्या अब्बूंना सांगायला आम्हाला फार उपयोगी पडली.

अब्बूंचा विरोध पैशाला कमी आणि लांब जाण्याला जास्त होता. ‘‘आपा, एकटी कशी राहील?’’ हा एकच सवाल ते फिरवून फिरवून विचारत होते. आम्ही म्हणालो, आधी बघून तर येऊ. बुधवारी आम्ही रजा टाकली आणि मुलीला आणि तिच्या अम्मीला घेऊन निघालो. एस.टी.ने शेगाव, तिथून गाडीने अकोला. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून अम्मी कुठेही यायला तयार होतात, ही एक वेगळीच तालीम चाललीय आमच्या मोहल्ल्यात.

अकोल्याच्या दंत महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागात लांब दालन होतं, ओळीने खुर्च्या मांडलेल्या. प्रत्येक खुर्चीवर एक उघडं तोंड आणि त्यावर वाकलेली मुलं-मुली. दोन-तीन मुली हिजाबात होत्या, वरून मास्क, वरून टोपी. अम्मीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. एका कोपऱ्यात प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारखं दिसणारं यंत्र होतं, त्यात अवजारं वाफेवर निर्जंतुक होत होती. मुलगी लगेच बोलली, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं. बारावीच्या अभ्यासातलं ते एक वाक्य तिला समोर दिसलं.

तिथल्या एका वयस्क डॉक्टरांनी आम्हाला दहा मिनिटं दिली. त्यांनी लपवाछपवी केली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तितके थोडे. ते म्हणाले, आपल्या देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, डेंटिस्टच इतके आहेत की दातांची सफाई ते स्वतःच करतात. कॉलेजात हे काम शिकाऊ डॉक्टर करतात. लहान गावातला डेंटिस्ट हायजिनिस्ट ठेवेल असं धरून चालू नका. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवतात, पण पगार पाहून नाराज व्हाल. हायजिनिस्टला स्वतःचा दवाखाना उघडता येत नाही, डेंटिस्टच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. आणि राज्यात हा डिप्लोमा शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त जागा मोजक्याच आहेत.

‘‘आणि परदेशात?’’ मुलीने विचारलं.

परदेशात या कामाला खरोखर मान आहे, ते म्हणाले. ब्रिटनमध्ये तर २०१३ पासून लोक डेंटिस्टच्या चिठ्ठीशिवाय थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतात. पण इथला डिप्लोमा घेऊन तिथे उभं राहता येत नाही, त्या देशाची परीक्षा, त्या देशाची नोंदणी, सगळं पुन्हा. ‘‘ज्याने तुला परदेशाचं सांगितलं, त्याने हे सांगितलं नसेल.’’

मग त्यांनीच उलटा सवाल केला. नीटमध्ये किती पडले? मुलीने सांगितले. ते म्हणाले, एमबीबीएस नाही, पण बीडीएसचा विचार का सोडला? पाच वर्षं लागतात, त्यातलं शेवटचं रुग्णालयात शिकाऊ म्हणून. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय महाविद्यालयांत कठीण जाईल. पण खासगीत केंद्रीय प्रवेश फेरीतून नंबर लागू शकतो.

खासगी म्हटलं की अम्मी उठायलाच लागली. इथे मात्र आमच्या मास्तरकीचा उपयोग झाला. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल किंवा सामाजिक-शैक्षणिक मागासवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट ही की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, बागवान, कुरेशी, मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार. या मुलीची बिरादरीही आहे. पण अब्बूंनी जातीचा दाखला कधी काढलाच नव्हता. ‘‘हम तो मुसलमान, हमारी कहाँ जात?’’ हे आम्ही प्रत्येक घरी ऐकतो. तत्त्व म्हणून ते खरं आहे, आणि इस्लाममध्ये ऊच-नीच नाही हेही खरं. पण तहसील कार्यालयाच्या खिडकीवर तत्त्वाला विचारत नाहीत, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याला विचारतात. माता-पित्यांनो, मुलगी अकरावीत गेली की त्याच वर्षी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी यांच्या मागे लागा. निकालानंतर धावाल तर फेरी निघून जाते. राहणं, खाणं, पुस्तकं, अवजारं यांचा खर्च शुल्कमाफीनंतरही उरतोच, आणि दंत महाविद्यालयात तो थोडा नसतो. भिशीचे पैसे तिथे लागतील.

परतीच्या गाडीत अम्मीने एकच गोष्ट विचारली. त्या हिजाबातल्या मुली रात्री कुठे राहतात? मुलीने सांगितलं, वसतिगृहात. तिने तिथे एकीला विचारूनही घेतलं होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पुढचे आठ दिवस संग्रामपूरच्या तहसीलच्या फेऱ्यांत गेले. आजोबांचा दाखला सापडला तो दुसऱ्याच तालुक्यातल्या शाळेत, त्यावर नाव एक आणि आधार कार्डावर स्पेलिंग दुसरं. त्या कहाणीला एक वेगळा अंक लागेल, सोडून देतो.

पण मामूंचं सांगायला हवं.

अकोल्याहून आलो त्या संध्याकाळी मुलगी ओट्यावर बसून सगळं रंगवून सांगत होती. डॉक्टरांनी एका पेशंटला तोंड उघडायला सांगितलं, मग त्याचीच तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये घालायला लावली. चांगल्या तोंडात साधारण तीन बोटं मावतात. तिथे जमलेल्या पोरांनी लगेच आपापली बोटं तोंडात घालून पाहिली. मामू हसत होते. मग त्यांनीही गंमत म्हणून घातली. दोनच गेली. पुन्हा प्रयत्न केला. दोनच.

कुणी बोललं नाही. मुलीनेच हळू विचारलं, ‘‘मामू, तिखट लागलं की तोंडात आग होते का?’’ ते म्हणाले, वर्षभरापासून होते, म्हणून तर भाजी फिकी करायला सांगतो.

सुपारीने गालाच्या आतलं मऊ कातडं हळूहळू दोरीसारखं ताठ होत जातं. तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण विदर्भातला खर्रा बंदीला जुमानतो कुठे? सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटला की झाला. बसस्टँडवर पाच मिनिटं उभे राहा, घोटण्याचा तो आवाज कानावर येतोच. आपल्या खारपाणपट्ट्यात पाण्याची, मूत्रपिंडांची चर्चा सतत चालते, ती चालायलाच हवी. तोंडाची चर्चा मात्र कुणी करत नाही. जुन्या बायका मिसरी लावतात, पुरुष खर्रा खातात. आणि मिसवाक सुन्नत आहे हे मशिदीत सगळ्यांना तोंडपाठ. कितीतरी भाऊ वुजूच्या आधी मिसवाक करतात आणि नमाजेनंतर दाराबाहेर पुडी सोडतात. मिसवाकची काडी आणि खर्र्याची पुडी एकाच खिशात आम्ही स्वतः पाहिली आहे.

मुलीने मामूंना काहीही इलाज सांगितला नाही, हे आम्हाला फार आवडलं. ‘‘मला काही येत नाही अजून, तुम्ही अकोल्याला चला,’’ एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी ती आणि अब्बू त्यांना घेऊन गेले. अब्बूंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, पावसाळ्यात, कामाच्या दिवसांत. तिथे त्यांनी ते लांब दालन पाहिलं, मुली पाहिल्या. आल्यावर आमच्याकडे येऊन म्हणाले, ‘‘आपा, उस लडकी ने भाई का मुँह ऐसे देखा जैसे घर का आदमी हो.’’ एकटी कशी राहील, हा सवाल त्यांनी त्यानंतर विचारलेला नाही. सुटलाय असंही नाही, पण विचारलेला नाही.

मामूंच्या गालाचा तुकडा तपासायला घेतला होता. कर्करोग नाही, पण खर्रा आजच्या आज बंद, तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, आणि दर महिन्याला दाखवायला या, असं सांगितलंय. केसपेपर ते वरच्या खिशात ठेवतात. त्या खिशात आता पुडी नसते असं आम्ही इथे लिहिणार होतो. पण परवा बसस्टँडवर ती पुन्हा दिसली. आम्हाला पाहून त्यांनी मान वळवली.

मुलीने केंद्रीय फेरीत बीडीएसचा अर्ज भरला आहे. पसंतीक्रमात जवळची महाविद्यालयं आधी टाकली. पुण्यातल्या आझम कॅम्पसच्या रंगूनवाला दंत महाविद्यालयाचंही नाव तिने घातलं, अब्बूंना विचारून. नंबर नाहीच लागला तर हायजिनिस्टचा डिप्लोमा, पण मान्यता असलेल्या संस्थेत, हे तिने स्वतःच वहीत लिहून ठेवलं आहे. जात पडताळणीची पावती मिळाली, प्रमाणपत्र यायचं आहे. त्या शहरातल्या संस्थेच्या बाईंचा मात्र अजून फोन येतो. आता पन्नासाचे तीस हजार झाले आहेत.

गेल्या शनिवारी दप्तराविना शाळेत आम्ही तिला वर्गात बोलावलं. पहिली-दुसरीची मुलं ओळीने उभी केली, हात धुतले, आणि तिने बॅटरीच्या उजेडात फक्त मोजलं, कुणाकुणाला मागची दाढ आली आहे ते. तिच्या धाकट्या भावाला तिने ओळीत शेवटी उभं केलं होतं. त्याची एक बाजू रिकामी, दुसऱ्या बाजूला दाढ आहे, आणि तिच्या खाचेत काळा ठिपका दिसतोय. सोमवारी त्याला घेऊन ती पुन्हा अकोल्याला चालली आहे. प्रवेशाची यादी लागली की पुढच्या अंकात कळवू.